हॉर्न वाजेपर्यंत मेलेला

"पट्टा कापायचा नाही," फर्गस तिसऱ्यांदा म्हणाला. "अस्सल चामडं आहे. हाताने शिवलंय."

फर्गस डॉक्टर नव्हता. पेशंटचा नातेवाईकही नव्हता. तो कड्याकड्यांचं लोखंडी चिलखत घालून आमच्या रिससमध्ये, म्हणजे अत्यवस्थ पेशंट घेतात त्या खोलीत, उभा होता. ट्रॉलीवर त्याचा मित्र डेक्लन होता. चाळिशीचा, धंद्याने सुतार. डोक्यावर मध्ययुगीन सरदाराचं हेल्मेट. प्रतिकृती, पण पोलादी. उलट्या बादलीसारखं, डोळ्यांपुढे फक्त एक फट. डाव्या कानाच्या वर पोचा आलेला आणि हनुवटीखालचं बक्कल वाकून अडकलेलं.

रविवारची दुपार होती. आयर्लंडमधल्या किलकेनीबाहेरच्या एका मैदानावर ही हौशी मंडळी जुनी लढाई करून दाखवतात. त्यात डेक्लनच्या डोक्यावर गदा बसली. ॲम्ब्युलन्स बोलावली असती तर पुढचा शो थांबला असता, म्हणून त्याला व्हॅनमध्ये बसवून आणलं. हे ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं. पण आधी हेल्मेट.

डोक्याला मार लागलेल्या माणसाचं हेल्मेट ओढून काढत नाहीत. मानेचं हाड मोडलेलं असू शकतं. ओढलं तर माणूस कायमचा लुळा पडू शकतो. एकाने खालून हात घालून मान धरायची, दुसऱ्याने पट्टा कापून हेल्मेट इंच इंच सरकवायचं. मोटारसायकलवाल्याचं असो की सरदाराचं, नियम एकच. आमची सीनियर नर्स ब्रीजने मान धरली. मी पट्टा कापला. फर्गस कळवळला.

"किती वेळ बेशुद्ध होता?" मी त्याला विचारलं.

"मिनिटभर. फार तर."

"आय ॲम ग्रँड, डॉक," डेक्लन ट्रॉलीवरून म्हणाला. इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक.

मी लिहिलं, एक मिनिट. या आकड्यावर पुष्कळ काही ठरतं. मिनिटभर बेशुद्ध होऊन नीट बोलणारा माणूस सीटी स्कॅनसाठी थोडा थांबू शकतो. त्या दिवशी आधी दोन पेशंट होते. मी डेक्लनला तिसरा लावला. ही सही माझी आहे, ती मी नाकारत नाही.

मग पाठ तपासायला आम्ही त्याला कुशीवर वळवलं. चिलखताखाली त्याने गोधडीसारखा जाड अंगरखा घातला होता.

"अनघा, हे बघ," ब्रीज म्हणाली.

अंगरखा पुढून कोरडा होता. पाठीकडून आरपार भिजलेला. आतली बनियनसुद्धा ओली. मैदान ओलं होतं हे मान्य, पण एवढी जाड गोधडी मिनिटभरात आरपार भिजत नाही.

"फर्गस, हा किती वेळ जमिनीवर पडला होता?"

"तो मेला होता, डॉक्टर."

"काय?"

"म्हणजे शोमध्ये. वार बसला की मरायचं. हॉर्न वाजेपर्यंत हलायचं नाही."

"हॉर्न कधी वाजला?"

"असेल पंचवीस मिनिटांनी."

"तोवर कोणी जवळ गेलं?"

"मेलेल्यांना कोणी हात लावत नाही. प्रेक्षकांना दिसतं. खरंच लागलं तर हात वर करायचा, असा नियम आहे."

"बेशुद्ध माणूस हात वर करतो?"

तो कापलेल्या पट्ट्याची टोकं जुळवून बघायला लागला.

"मग मला एक मिनिट का सांगितलंस?"

"हॉर्ननंतर हलवलं तेव्हा मिनिटभरात जागा झाला. मी तिथून धरलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो खोटं बोलला असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण तो अगदी मनापासून सांगत होता. त्याच्या हिशेबी ती पंचवीस मिनिटं डेक्लन बेशुद्ध नव्हताच. मेलेला होता. मी त्याला बाहेर काढलं, इंग्रजीत आणि मग मराठीत.

तेवढ्यात डेक्लनचं बोलणं जड झालं. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी दिसायला लागली. रांग मोडून त्याला थेट स्कॅनला नेलं. एक्स्ट्राड्यूरल. म्हणजे कवटी आणि मेंदूचं वेष्टन यांच्यामध्ये रक्त साठत होतं. यात माणूस मधे काही वेळ छान बोलतो, आणि सगळे फसतात. मीही फसत होते. श्वासाची नळी घालून त्याला ऑपरेशनसाठी डब्लिनला पाठवलं.

कॉरिडॉरमध्ये फर्गस हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. "पण याने काम चोख केलं," तो म्हणाला. "बघा, फक्त पोचा."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"कवटीलाही फक्त एक चीर आहे," मी म्हटलं. "रक्त आतमध्ये आहे. तुमचं पोलाद तिथे पोचत नाही."

डेक्लन वाचला. दोन महिन्यांनी आभार मानायला आला. माझा राग तेव्हाही गेला नव्हता, आणि तो मात्र मजेत होता.

"सगळे म्हणतात, इतका झकास मी कधीच मेलो नव्हतो," तो म्हणाला. "टाळ्या पडल्या म्हणे."

मग त्याने नवा नियम सांगितला. आता एकजण मेलेल्यांमधून फिरतो आणि प्रत्येकाचा हात दाबतो. पडलेल्याने उलट दाबला नाही, तर शो बंद. वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं.

"असं," म्हणत त्याने मला दाखवायला उजवा हात पुढे केला. मी दाबला. त्याने उलट दाबायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यातच थांबली. सुताराचा हात होता तो.

पंचवीस मिनिटं आधी आला असता तर ती बोटं मिटली असती का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण राग यायला शपथ लागत नाही.

म्हणून सांगते, कोणी निपचित पडलेला दिसला तर जाऊन हलवावं. नाटक करत असेल तर तो शिव्या देईल. खाव्यात.