रीताकाकूंची चाळीस गणितं

किन्हीराजात इंद्रभानजींचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. दुपारी ते जेवून आडवे झाले की त्यांच्या सूनबाई, रीताकाकू, दुकानात बसत. कारंज्याच्या कॉलेजातून त्यांनी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं, पुढं शिकायचं ठरत होतं, तेवढ्यात लग्न झालं. गावात हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा अकरावीत होते. बाबांसोबत युरिया आणायला गेले, तेव्हा रसायनशास्त्राच्या चाचणीचा पेपर वहीत दुमडून ठेवला होता. पंचवीसपैकी चार.

"संस्कृती, काय लपवून राह्यली वं?" काकूंनी विचारलं आणि वही हातातून घेतलीच.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. गोणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याच्यावर नायट्रोजन शेहेचाळीस टक्के लिहेल हाय. काहून शेहेचाळीस? पन्नास काहून नाई?"

"कंपनीनं ठरवलं असन."

काकूंनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर युरियाचं सूत्र मांडलं. नायट्रोजनचे दोन अणू, त्यांचं वजन अठ्ठावीस. सगळ्या रेणूचं साठ. "आता भाग."

मी भागलं. शेहेचाळीस आणि वर थोडं. लहानपणापासून गोणीवर पाहिलेला आकडा माझ्या पेन्सिलीतून निघाला होता. बाबा बाहेर हाका मारत होते आणि मी पुठ्ठ्याकडे बघत उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी साक्षीला घेऊन गेले. ती माझ्याच बाकावर बसायची. महिन्याभरात आम्ही पाच जणी झालो. तीन ते पाच गिऱ्हाईक कमी असायचं. आम्ही युरियाच्या गोण्यांवर बसायचो. इंद्रभानजी उठून आले की कुरकुरायचे, "गिऱ्हाईक उभं अन् पोट्ट्या बसेल!" काकू मान खाली घालून ऐकून घ्यायच्या आणि पुढचं गणित सांगायच्या.

उत्तरापुढं एकक लिहिलं नाही की विचारायच्या, "पाच काय? पाच म्हशी?" रासायनिक क्रियेत दोन पदार्थांपैकी आधी कोणता संपेल, हे आम्हाला काही केल्या कळेना. तेव्हा त्या म्हणाल्या, "पाणी दहा पंपांचं हाय अन् औषध सहाच पंपांचं. किती पंप फवारशीन?"

"सहा."

"मंग झालं ना! औषध संपलं का फवारणी थांबली. इथंबी तेच पाहाचं."

दिवाळीनंतर साक्षीचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. त्या वर्षी आजी आजारी पडून आत्याकडे गेली, साक्षीजवळ घरी राहायला कुणी नाही, म्हणून साक्षीलाही न्यायचं ठरलं. ती हे सांगायला आली तेव्हा काकूंनी कधी निघणार एवढंच विचारलं. मग दोन दिवस बसून त्यांनी एका वहीत चाळीस गणितं लिहून दिली, शेवटच्या पानावर उत्तरं. "रोज एक कर. अडलं तं फोन कर."

डिसेंबरात एका दुपारी दुकानातला फोन वाजला. साक्षी होती. काकूंनी फोनचा स्पीकर लावला. मागं ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत होती.

"काकू, सतरावं जमून नाई राह्यलं. पन्नास ग्रॅम चुनखडी तापवली. तुमी बावीस ग्रॅम वायू लिहेल हाय, मले सतरा पॉइंट सहाच येते. तीनदा केलं."

"पुन्हा कर बापा."

"पण काकू, गणितात चुनखडी ऐंशी टक्केच शुद्ध लिहेल हाय ना? मंग खरी चाळीसच ग्रॅम झाली."

काकूंनी पुठ्ठा ओढला, मांडणी केली. आम्ही चौघी पुठ्ठ्यावर वाकून बघत होतो.

"माह्यं चुकलं, साक्षी," त्या म्हणाल्या. "शुद्धता इसरलीच मी. तुह्यं बरोबर हाय."

फोन ठेवल्यावर त्यांनी पदरानं डोळे टिपले. आम्हाला वाटलं, अपमान वाटला. मी काही तरी समजुतीचं बोलायला गेले.

"अवं, रडून नाई राह्यली," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून रसायनशास्त्रात माह्यी चूक काढणारं कोणी भेटलंच नव्हतं."

साक्षी मार्चमध्ये परतली. वहीच्या कडा काळ्या पडल्या होत्या, पण चाळीसही गणितं सोडवलेली होती. अकरावी ती कशीबशी पास झाली. बारावीच्या वर्षी मात्र गावातच राहिली. काकू स्वतः तिच्या आईशी बोलून आल्या होत्या. पुढं तिनं बी.एस्सी. केलं आणि आता वाशिमला माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते.

मी काही रसायनशास्त्र पुढं घेतलं नाही. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. काकूंना मधे तासिका तत्त्वावर कॉलेजात बोलावलं होतं. दोन वर्षं गेल्या आणि सोडून आल्या. "साठ पोरं. कोणाले कुठं अडलं, चेहऱ्यावर दिसतच नाई," म्हणाल्या.

इंद्रभानजी गेले. मुली आता शिकवणीला तालुक्याच्या मालेगावला जातात. दुपारी तीनला दुकानावरून जाताना आत काकू एकट्याच असतात. परवा मी अर्धा तास बसले. त्यांनी चहा केला, साक्षीच्या लग्नाचं विचारलं, मग एकदम म्हणाल्या, "तुह्यी पोरगी कितवीत आता?"

"पहिलीत, काकू."

"हं. दहा वर्षं हायेत अजून," त्या म्हणाल्या आणि उरलेला चहा माझ्या कपात ओतला.