अण्णांच्या घरची सिरियल

‘ऐकून तर घ्या की त्याचं!’ एवढं म्हणून अण्णा दुधाचा ग्लास कट्ट्यावर आपटायचे. शेजारी फटाका फुटला तरी ज्यांची मान वळत नसे, ते अण्णा रोज सकाळी आम्हा सगळ्यांना ऐकायला सांगायचे. आम्ही हसायचो. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हसला असता.

कोल्हापुरात शाहूपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी दूध कट्टा आहे. सकाळी म्हशी येतात, समोर धार काढून ग्लास हातात मिळतो, आणि ओठांवरचा फेस पुसेपर्यंत आदल्या संध्याकाळच्या मालिकांचा निकाल लागलेला असतो. माझा केबलचा धंदा. त्यामुळं मालिकेत जे काही वाईट घडतं त्याचा जाब मला द्यावा लागतो. ‘तुझ्या त्या सुनेला जरा आवर की रं,’ असं मला भर रस्त्यात ऐकवलेलं आहे. एका नायिकेच्या दुधात विष कालवलं, तेव्हा आमच्या शेजारच्या वहिनींनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

अण्णांनी उभं आयुष्य शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काढलं. ओतकामातून निघालेले भाग घासून साफ करायचे, हे त्यांचं काम. त्या घरघरीत कान गेले. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात ठेवून दिलेलं. मूळचे गडहिंग्लजकडचे. तिकडं घरात थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, ते गल्लीनं उचललं. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं.

तेव्हा आठ वाजता दोन भावांची एक मालिका लागायची. थोरला देवमाणूस आणि धाकटा महाबिलंदर, थोरल्याला घराबाहेर काढायला टपलेला. सगळा कट्टा धाकट्याच्या नावानं बोटं मोडायचा. एकटे अण्णा त्याच्या बाजूनं.

‘वाईट न्हाय त्यो. चूक त्याची न्हायच. आईच्या मातीला त्यो संध्याकाळपतोर थांबला होता भावासाठी. भावकीनं ऐकलं न्हाय. त्यानं काय करायचं?’

‘अवो अण्णा, आईला कुठली माती? कालच म्हातारी धडधाकट पूजा करत होती की!’ कोणीतरी त्यांच्या तोंडासमोर येऊन ओरडायचं.

‘ती मावशी हाय,’ अण्णा ठामपणे सांगायचे.

मग हशा. ‘ह्यांच्याकडं वेगळंच चॅनेल लागतंय. केबल, बघ की जरा जाऊन,’ असं मला फर्मान सुटायचं. अण्णा चिडायचे नाहीत. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून, ‘तुम्ही नीट बघत न्हाईसा,’ म्हणत घराकडं चालू लागायचे.

एकदा खरंच त्यांच्या घरी जावं लागलं. बॉक्स सारखा बंद पडत होता. आठ वाजले होते. अण्णा खुर्चीत बसले होते आणि अक्का टीव्हीला खेटून एका लाकडी स्टुलावर, अण्णांकडं तोंड करून. मी दारातच थांबलो. कोणत्याही घरात माणसं टीव्हीकडं तोंड करून बसतात, आणि मी गावभरची घरं बघितली आहेत. टीव्हीकडं पाठ करून मालिका बघणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

मग लक्षात आलं. समोर बसून सावकाश बोललेलं अण्णांना ओठांवरून वाचता यायचं, त्यातही अक्कांचं सगळ्यांत नीट. पडद्यावरचं माणूस बोललं की अक्का ते कानांनी ऐकायच्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून अण्णांना सांगायच्या. चित्र अण्णांचं आणि आवाज अक्कांचा, असा त्यांचा संसार चालला होता. मला फार बरं वाटलं ते बघून.

आणि मग मी ऐकायला लागलो. पडद्यावर धाकटा दात ओठ खात ओरडत होता, ‘या घरातून तुला हाकलून देईन!’ अक्का शांतपणे म्हणाल्या, ‘म्हणतोय, दादा, माझं एकदा ऐकून घे.’

‘चेहरा तर रागाचा दिसतोय की,’ अण्णा म्हणाले.

‘राग न्हाय वो. रडू दाबतोय.’

अण्णांनी मान हलवली. अक्कांची नजर माझ्यावर गेली आणि त्या बोलायच्या थांबल्या.

बॉक्स बदलून मी निघालो, तशा त्या पायरीपर्यंत आल्या. तिथं त्यांनी सांगितलं ते असं. अण्णांना एक धाकटा भाऊ, गावी शेती करणारा. आई गेली तेव्हा भावानं फाउंड्रीच्या ऑफिसात फोन केला. निरोप अण्णांपर्यंत पोचायला दुपार उलटली. मिळेल त्या एसटीनं ते गावी गेले, तर माणसं माती देऊन परत फिरत होती. आईचं तोंडही दिसलं नाही. ‘माझ्यासाठी थांबला न्हाईस,’ एवढंच ते भावाला म्हणाले आणि उलट पावली परतले. त्याचं नाव घरात काढायचं नाही, अशी अक्कांना ताकीद होती. त्याला आता किती वर्षं झाली.

‘भावजी थांबले होते रं,’ अक्का म्हणाल्या. ‘दिवस मावळायला आला तशी भावकी ऐकंना. मला फोनवर रडत सांगतात. पण ह्यांच्याम्होरं नाव काढलं की उठून जात्यात. टीव्हीम्होरनं तेवढं उठत न्हाईत. मग काय करू सांग.’ जाताना म्हणाल्या, ‘कट्ट्यावर बोलू नको.’

मी बोललो नाही. पण त्यानंतर कट्ट्यावर अण्णांना कोणी हसलं की मला राग यायचा. हा माणूस परक्या धाकट्याची बाजू घेऊन रोज भांडत होता, आणि स्वतःच्या धाकट्याचं नाव घेत नव्हता. अक्का बिचाऱ्या वाट बघत होत्या, की आज ना उद्या त्यांच्या डोक्यात प्रकाश पडेल.

त्याआधीच अक्का गेल्या. थोडा ताप आला, दवाखान्यात नेलं आणि परत आल्या नाहीत. मातीला भाऊ आले होते. पांढरी टोपी, अण्णांचंच नाक. माणसांच्या मागं उभे राहिले. अण्णांनी वर बघितलं नाही. भाऊ तसेच आल्या वाटेनं गेले.

महिन्याभरानं अण्णा माझ्या दुकानात आले. ‘केबल, टीव्हीचा आवाज गेलाय.’

मी गेलो. टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल इतका मोठा होता. काय गेलं होतं ते मला कळलं. अण्णांनी स्टूल टीव्हीजवळ सरकवलं आणि म्हणाले, ‘बस रं जरा. त्यो काय म्हणतोय तेवढं सांग.’

मी अक्कांच्या स्टुलावर बसलो. मालिका सुरू झाली. म्हातारी रडत होती आणि धाकटा तिच्यावर खेकसत होता. मला अक्कांसारखं रचता येईना. मी जे ऐकू आलं तेच सावकाश सांगितलं. ‘म्हणतोय, आई, तू मध्ये पडू नकोस. त्याला मी रस्त्यावर आणणार.’

अण्णा माझ्या ओठांकडं बघत राहिले. ‘आई? ती मावशी हाय.’

‘आई आहे अण्णा. पहिल्यापासून आईच आहे.’

‘मग माती कुणाला दिली? संध्याकाळपतोर थांबला होता त्यो. ही सांगायची की मला.’

अक्कांनी कट्ट्यावर बोलू नको म्हटलं होतं. हा कट्टा नव्हता. मी म्हणालो, ‘सिरियलमधलं कोणी थांबलं नव्हतं अण्णा. थांबले होते ते तुमचे भाऊ.’

त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग ते उठले. मला वाटलं, चालले बाहेर. पण त्यांनी टीव्ही बंद केला आणि खुर्चीत येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

‘किती वर्षं बोलत हुती रं ती,’ ते शेवटी म्हणाले. ‘आणि मी मालिका बघत हुतो.’

अक्कांच्या मोबाइलवरून मी भावाला फोन लावला. पलीकडून ‘कोण?’ असा घाबरा आवाज आला. मी सांगायला लागलो, तोच अण्णांनी मोबाइल हिसकून घेतला आणि ओरडले, ‘मला फोनवर ऐकू येत न्हाय! तू ये. म्होरं बसून बोल!’ आणि उत्तर ऐकू येणार नव्हतंच, म्हणून मोबाइल माझ्या हातात देऊन टाकला. त्यात भाऊ रडत होते.

दुसऱ्या दिवशी ते आले. अण्णांनी त्यांना स्टुलावर बसवलं. टीव्ही बंदच होता. ‘अण्णा, त्या दिवशी,’ एवढं म्हणून ते अडखळले. अण्णा म्हणाले, ‘सावकाश सांग. सगळं सांग.’ मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.

आठवड्यानं अण्णा भावाबरोबर गावी गेले. चार दिवस म्हणून गेले आणि तिकडचेच झाले. कट्ट्यावर मालिकेचा निकाल रोज लागत होता, पण धाकट्याची बाजू घ्यायला कोणी उरलं नव्हतं. मजा गेली, असं सगळेच म्हणायचे.

मग या उन्हाळ्यात एका सकाळी भावाचा फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते. येतोय म्हणून सांगून कट्ट्यावरचे आम्ही सहा-सातजण जीप करून निघालो. वाटेत गाडी बंद पडली, मिस्त्री मिळेपर्यंत दुपार गेली. आता काही तोंड दिसत नाही, असं धरूनच आम्ही गावात शिरलो. ऊन कलून गेलं होतं.

शेताच्या कडेला माणसं ताटकळत उभी होती. एक म्हातारे वैतागून आम्हाला म्हणाले, ‘या पावणं. दुपारपास्नं तुमच्यासाठी खोळंबलोय. किती सांगितलं, पण ह्यो ऐकंल तर शपथ. कोल्हापूरची माणसं आल्याबिगर माती न्हाय, म्हणतोय.’

धाकटे भाऊ अण्णांच्या उशाशी बसले होते. आम्हाला बघून उठले, बाजूला सरले आणि अण्णांच्या तोंडावरचं कापड त्यांनी आमच्यासाठी दूर केलं.