माळावरची सावली

टोपी अंगठ्याने मागे सारायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि हळू आवाजात विचारायचं, "कसाले?" आमच्या जमादारांची तपासाची सगळी पद्धत एवढीच. कसाले म्हणजे कशासाठी. समोर चोर असो, साक्षीदार असो की चहा उशिरा आणणारा हॉटेलवाला, प्रश्न हाच.

तुम्हीही तालुक्याच्या गावी असे जमादार पाहिले असतील. पोट सुटलेलं, मिशी पांढरी, सायकलवर बसले की सायकलची दया यावी. पण आमच्या जमादारांनी कुणावर हात उचललेला मी पाहिला नाही. ऐंशीच्या दशकात मी साक्रीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आलो, जळगावहून, नवाच. शवविच्छेदन माझ्याकडे, पंचनामा त्यांच्याकडे, त्यामुळे आमची मैत्री मेलेल्या माणसांच्या साक्षीनेच वाढली. मी आत काम करत असताना ते बाहेर ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसत.

"डॉक्टरसाहेब, कसा मेला ते तुम्ही सांगा," ते म्हणत. "कसाले ते मी पाहतो."

एकदा एका म्हाताऱ्याने शेजारणीच्या कोंबडीची मान कापली. भांडण थेट पोलीस ठाण्यात आलं. म्हातारा तोंड उघडेना. जमादार त्याच्याजवळ जमिनीवरच बसले आणि "कसाले?" विचारत राहिले. शेवटी म्हाताऱ्याचे डोळे भरले. "ती माले आबा म्हनत नही," तो म्हणाला. जमादारांनी त्या बाईला बोलावलं, तिच्याकडून एकदा "आबा" म्हणवून घेतलं आणि दोघांना घरी पाठवलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते खुशीत होते. कारण सापडलं की त्यांना बरं वाटायचं. बिनकारण कोणी कोणाला मारत नाही, यावर त्यांचा देवाइतका विश्वास होता.

त्या उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून बैलगाडीत प्रेत आलं. शेळ्या राखणारा तरुण होता. डोक्याच्या मागच्या बाजूला दगडाचा एकच घाव, पाड्याच्या वरच्या माळावर पडलेला. जमादार जागा पाहून आले होते. त्या दिवशी त्यांनी शेंगा काढल्या नाहीत.

"कुणीतरी त्याचे डोळे मिटलेत," ते म्हणाले. "डोक्याखाली टॉवेल घडी करून ठेवलाय. माश्या बसू नयेत म्हणून तोंडावर पळसाची पानं. डॉक्टरसाहेब, हा मायेच्या माणसानं मारलाय."

मायेचं माणूस एकच होतं, थोरला भाऊ. आईबाप गेल्यावर त्यानेच धाकट्याला वाढवलं होतं. जमादार गेले तेव्हा तो दारातच बसला होता. पळाला नाही, नाकारलंही नाही. खून कुणी केला हे कळायला असा अर्धा दिवससुद्धा लागला नाही. पण कसाले, हे काही केल्या कळेना. जमीन म्हणावी तर खडकाळ तुकडा, पावसावर पिकला तर पिकला. बाई नाही, दारू नाही, कधी भांडण नाही. जमादार रोज कोठडीपुढे जाऊन बसत आणि हात हलवत परत येत. त्यांचं जेवण कमी झालं.

दगडाच्या धारेने त्या भावाचा तळहात चिरला होता. मी पट्टी बदलायला गेलो होतो, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. मला त्याची बोली नीट कळत नव्हती. जमादार सांगत गेले.

धाकटा दुपारी माळावर बसून शेळ्यांना शीळ घालायचा. एके दिवशी शिळेवर शेळ्या आल्या नाहीत, सावली आली. वर ढग नव्हता, पक्षी नव्हता. शेळीएवढी सावली माळावरून सरकत आली आणि त्याच्यापाशी थांबली. मग ती रोज येऊ लागली आणि रोज मोठी होऊ लागली. धाकट्याने खाणंपिणं सोडलं. तो दिवसभर माळावर बसून शीळ घालायचा. "ती अजून लांब आहे," म्हणायचा, "जवळ येतेय म्हणून मोठी दिसते." भावाने हात जोडले, बांधून ठेवलं. तो बांधलेल्या जागेवरून शीळ घालायचा. सावली पाड्याच्या पहिल्या घरापर्यंत आली, त्या दिवशी भावाने दगड उचलला.

"तो बोलवत होता," जमादारांनी त्याचं शेवटचं वाक्य सांगितलं. "आता बोलावणारं कोणी नाही."

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "डोकं फिरलंय बिचाऱ्याचं." मीही मान हलवली. तरी दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं जीपने पाड्यावर गेलो आणि तिथून माळावर चढलो. मी का गेलो ते सांगता येत नाही. ते का गेले ते सांगायला नको.

ऊन असं होतं की खडकावर हात टेकवेना. जमादार धापा टाकत एका दगडावर बसले आणि पोलिसाची नोकरी सपाट मुलखातच करावी असं काहीतरी बोलले. मी हसलो. तेवढ्यात खालच्या शेळ्या एकदम गप्प झाल्या आणि होत्या तिथे बसल्या.

ती पश्चिमेकडून आली. वारा नव्हता. तिची कड कात्रीने कापल्यासारखी होती. एक डोंगर झाकला, मग अलीकडची दरी झाकली, मग आम्हाला झाकलं. अंगावर काटा आला तो आधी थंडीने. मी वर पाहिलं. आकाश निळं होतं. सूर्य जागच्या जागी होता, अख्खा, डोळ्यांत टोचणारा. मला तो दिसत होता आणि त्याचं ऊन माझ्यापर्यंत पोहोचत नव्हतं. मधे काहीच नव्हतं.

मग सावली थांबली. तिची कड थोडी मागे गेली, पुन्हा पुढे आली. एखादं माणूस वाकून जमिनीवर काही शोधत असावं तसं वाटलं. आम्हाला नव्हे. आम्ही तिच्या हिशेबातच नव्हतो.

जमादार उभे राहिले. त्यांनी टोपी अंगठ्याने मागे सारली, मान वर केली आणि त्या रिकाम्या आभाळाला, कोठडीतल्या माणसाला विचारावं तितक्याच हळू, विचारलं, "कसाले?"

काही झालं नाही. बऱ्याच वेळाने सावली तिच्या तिच्या चालीने पूर्वेकडे निघून गेली. शेळ्या चरू लागल्या. जमादार अजून वरच पाहत होते. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "म्हणजे त्याच्या बोलावण्याशी तिचा काही संबंधच नव्हता."

संध्याकाळी आम्ही ठाण्यात पोहोचलो तेव्हा थोरला भाऊ गजांना धरून उभा होता. आम्ही कुठे गेलो होतो हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"ती थांबनी का, भाऊ?" त्याने विचारलं. यायची थांबली का, असं.

जमादारांनी चपला काढल्या, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, सावकाश खाली ठेवला.

"थांबनी," ते म्हणाले.

तो माणूस तिथेच खाली बसला आणि पहिल्यांदा रडला. त्या रात्री तो पोटभर जेवला असं शिपायाने सांगितलं. जमादारांनी कागदावर कारण लिहिलं, जमिनीचा वाद. धुळ्याच्या कोर्टात जन्मठेप झाली. शिक्षा ऐकून त्याने न्यायाधीशांना नमस्कार केला आणि जाताजाता जमादारांच्याही पाया पडला. जमादार मागे सरकले ते भिंतीला टेकेपर्यंत.

त्यानंतर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. लोक जे सांगतील ते लिहून घ्यायचे. पुढे मुदतीआधीच निवृत्त झाले आणि वरणगावच्या बाजूला लेकीकडे राहायला गेले. माझी बदली जळगावला झाली तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. जावयाचा केळीचा बाग होता. आत इतकी दाट सावली की दुपारीही जमीन ओली. ते दिवसभर तिथेच खाट टाकून बसत.

"इथं बरं," ते म्हणाले. "इथं कोणती सावली कोणाची ते कळत नाही." मग केळीच्या पानाची एक कड उगाच सरळ करत म्हणाले, "तो थोरला तुरुंगात वारला, कळलं का? शांतपणे गेला म्हणतात. डॉक्टरसाहेब, तेवढंच हातून झालं."

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो, तेव्हा ते नव्हते. केळी निघाली होती, खोडं तोडून बाग मोकळा केला होता, आणि जिथे त्यांची खाट असायची तिथे लख्ख ऊन होतं. लेकीने मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. भर दुपारी तिची लहान मुलगी त्या मोकळ्या वावरात खेळत होती. आजोबा ओसरीवरून एकदम उठून अनवाणी धावत गेले. वावराच्या मध्यावर गुडघे आणि हात टेकून ते नातीवर ओणवे झाले, गाय वासरावर उभी राहते तसे. पोरीला वाटलं खेळच आहे. लोक पोहोचले तोवर ते तसेच निर्जीव झाले होते. हात जमिनीत रुतवलेले. ते सोडवायला दोघं लागले.

"ऊन लागलं म्हणाले सगळे," लेक म्हणाली. "त्या दिवशी ऊनही तसंच होतं."

"आणि मुलगी?" मी विचारलं.

तिने माझ्यापुढचा पेला उचलला. मग म्हणाली, "तिला काही झालं नाही. फक्त कुडकुडत होती. मे महिना, डॉक्टर. मी दोन गोधड्या घातल्या तरी तिचे दात वाजत होते."