अठरा गुंठ्यांचा राजा

बारामतीच्या कालवा कचेरीत मी कारकून होतो, तेव्हाची गोष्ट. साल पंचावन्नच्या आसपासचे असेल. दिवसभर समोर आकडे असत : कुणाचा ऊस कोणत्या चारीवर किती एकर किती गुंठे भिजतो. संध्याकाळी मी आमच्या आळीतल्या वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस असे. वाचनालयात दोनशे चौदा पुस्तके होती. त्यांतली अकरा वाचकांकडून परत आलेली नव्हती, म्हणजे खरी दोनशे तीन.

तेवढी सगळ्यांची वाचून झाल्यावर आमच्या शाळेतल्या गुरुजींनी हस्तलिखित मासिक काढले. लोकांनी मजकूर द्यायचा, गुरुजींनी तो आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवायचा. प्रत एकच. ती एकतीस घरांत फिरायची, प्रत्येक घरी एक दिवस. शेवटची आठ पाने कोरी सोडलेली असत, वाचकांच्या अभिप्रायांसाठी. नियम मी केले होते. लेखकाचे नाव छापायचे नाही, म्हणजे लिहायचे नाही. अभिप्राय देणाऱ्याने फक्त घराचा क्रमांक घालायचा. अभिप्राय दिल्याशिवाय प्रत पुढे द्यायची नाही. आणि एकदा दिलेला अभिप्राय कुणीही खोडायचा नाही. नाव नसले की माणूस खरे बोलतो, अशी माझी समजूत होती. आमच्या घराचा क्रमांक सात होता.

तिसऱ्या अंकात एक राजाची गोष्ट आली. ती माझ्या बायकोने लिहिलेली होती. शेजारच्या काकूंच्या हाती तिने ती गुरुजींकडे पोचवली होती. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी काय लिहिले असते? बहुधा तेच.

गोष्ट जुनीच, आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. राजा संकटात सापडतो आणि दवंडी पिटतो, जो कोणी हे काम करील त्याला अर्धे राज्य. फरक एवढाच की या राजाला तशी सवयच लागलेली. राजाची दाढ दुखली, वैद्याला अर्धे राज्य. राणीचा पोपट उडाला, तो धरून आणणाऱ्याला उरलेल्याचे अर्धे. राक्षस मारायला दोघे भाऊ गेले आणि दोघांनीही आपणच मारला म्हणून सांगितले, तेव्हा दोघांना दोनदा. नवव्या खेपेला देवळाबाहेर चुकलेल्या स्वतःच्या वहाणा शोधून दिल्याबद्दल. हजार एकरांचे राज्य होते, ते आता अठरा गुंठे उरले. सात राण्यांना दोन-दोन गुंठे वाटून दिले, राहिलेल्या चार गुंठ्यांत राजा, प्रधान आणि घोडा. प्रधान म्हणतो, "महाराज, दवंडीवाल्याला उभं राहायला आपल्या हद्दीत जागा नाही. तो शेजारच्या राज्यातून ओरडतो." शेवटी राजकन्येची वाचा बसते. तिला बोलती करील त्याला राजकन्या आणि अर्धे राज्य, म्हणजे नऊ गुंठे. लांबून एक तरुण येतो, सगळे ऐकून घेतो आणि विचारतो, "पाण्याची पाळी किती दिवसांनी येते?" इथे पहिला भाग संपला होता.

माझ्या आधीच्या सहा घरांच्या अभिप्रायांपैकी काही असे होते. क्रमांक एक : 'हसताना ठसका लागला. घरची मंडळी पाणी घेऊन धावली.' क्रमांक तीन, हे गुळाचे अडते : 'असा राजा आमच्या पाहण्यात आहे. पत्ता विचारल्यास सांगू.' क्रमांक पाच : 'सात राण्या एका शेतात राहून भांडण नाही. त्यामुळे गोष्ट खरी वाटली नाही.'

मी रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत बसून गोष्ट वाचली आणि अभिप्राय लिहिला. तो सतरा ओळींचा झाला. सार असे : हजार एकर म्हणजे चाळीस हजार गुंठे. त्याचे नऊ वेळा निम्मे केल्यास, सोळा आण्यांचा गुंठा धरून, अठ्ठ्याहत्तर गुंठे दोन आणे उरतात. लेखक अठरा म्हणतात. म्हणजे एक एकर वीस गुंठे दोन आणे एवढ्या जमिनीचा हिशेब लागत नाही. लेखकाने खुलासा करावा. क्रमांक सात.

त्यानंतर कुणी गोष्टीवर लिहिलेच नाही. क्रमांक आठने लिहिले, 'सात यांचा मुद्दा रास्त आहे. जमीन गेली कुठे?' क्रमांक नऊ : 'पोटखराबा वजा केला असेल. खडक, ओढा, पायवाट धरली तर साठ गुंठे सहज जातात.' क्रमांक बारा : 'अठ्ठ्याहत्तरात साठ पोटखराबा? राज्य होते की दगडाची खाण?' क्रमांक पंधरा : 'शेजारच्या राजाने बांध कोरला. आमच्याकडेही दर साल नांगराचे एक तास इकडे सरकते.' क्रमांक एकोणीस : 'तलाठ्याला विचारा.' क्रमांक वीस : 'एकोणीस यांनी शब्द जपून वापरावेत.' क्रमांक सव्वीस : 'गोष्ट वाचली नाही. अभिप्राय वाचले. उत्तम.'

एकतीस घरे फिरून प्रत माझ्याकडे आली. बायकोने ती मागून घेतली आणि चुलीपुढे बसून फक्त शेवटची पाने वाचली. त्या दिवशी भाकरी करपली. मी तसे सांगितलेही.

चार दिवसांनी गुरुजी घरी आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "चिटणीससाहेब, राजाचा पुढचा भाग यायचा नाही."

"का?"

"लिहिणाराचं मन उडालं. क्रमांक सातमुळं."

"क्रमांक सात कोण हे गुप्त आहे," मी म्हणालो.

"अहो, गुंठ्याच्या खाली आणे लिहिणारा माणूस या गावात एकच आहे. पोरंसुद्धा मला रस्त्यात विचारतात, त्या तरुणानं नऊ गुंठे घेतले का सोडले? मी काय सांगू? तुम्ही तो अभिप्राय मागं घ्या."

"हिशेब चुकला असेल तर घेतो. चुकलाय का?"

गुरुजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. तिथून बायको चहाचे कप घेऊन आली. गुरुजींच्या पुढे एक ठेवला. दुसरा माझ्यापुढे ठेवता ठेवता म्हणाली, "राजाचं राज्य मी लिहिलंय. आता काय खुलासा पाहिजे तो मला विचारा."

मी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी चहा बशीत ओतला आणि बशीकडेच बघत राहिले.

माझ्या तोंडून निघाले, "मग ते साठ गुंठे गेले कुठं?" आता लिहितानाही हे वाक्य मला शोभत नाही, पण मी तेच बोललो.

"जाऊ द्या कुठंही. सतरा ओळी लिहिल्यात. त्यात तुम्ही हसलात असं कुठं आहे?"

"हसण्याचा संबंध..."

"दोनदा हसलात. एकदा पोपटाला, एकदा दवंडीवाल्याला. मी आतून ऐकलं. म्हटलं, चला, यांना आवडली. आणि मग बघते तर हे! खोटं लिहिलंत तुम्ही."

गुरुजी म्हणाले, "वहिनी, खोटं नाही, अपुरं."

"तेच ते. मी नाही पुढचं लिहिणार. अर्धीच राहू दे ती गोष्ट."

माझ्यावर आजवर खोट्या नोंदीचा आरोप झालेला नव्हता. कचेरीत नाही आणि घरीही नाही. तो मला चांगलाच लागला. गुरुजी गेल्यावर मी तिला शांतपणे विचारले की, अठराच का? अठरा हा आकडा आला कुठून?

ती म्हणाली, "तात्यांचं रान अठरा गुंठे आहे. मी पायानं मोजलंय."

तात्या म्हणजे माझे सासरे. त्यांचे गाव इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अलीकडे, भीमेच्या काठी. त्यांची वडिलोपार्जित जमीन सात एकर आठ गुंठे होती. वेगळे राहायची वेळ आली तेव्हा धाकट्या भावाला त्यांनी निम्मी दिली, ते रीतीने झाले. मग विधवा बहिणीच्या मुलाला उरलेल्यातली निम्मी, ते कुणी मागितले नव्हते. पुढे शाळेच्या खोल्यांना, आणि एकदा एका चुलतभावाला, तो नुसता बांधावर उभा राहून रडला म्हणून. मी मनात हिशेब केला. सात एकर आठ गुंठ्यांचे चार वेळा निम्मे केले की बरोबर अठरा गुंठे उरतात. म्हणजे तिचा आकडा बरोबर होता. तिने फक्त राज्य दुसरे घेतले होते.

पण पायाने मोजलेले मला पुराव्याला चालत नव्हते. दिवाळीला आम्ही तिच्या माहेरी गेलो, तेव्हा मी रान मोजायचे ठरवले. कचेरीची साखळी खासगी कामाला न्यायची नाही, म्हणून सुंभाची दोरी तेहतीस फूट मोजून घेतली होती. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी घेऊन रानात गेलो. टोक धरायला बायको आली. 

लांबी साडेपाच दोऱ्या भरली. रुंदी घ्यायला लागलो, तोच तात्या बांधावर दिसले. हातात तांब्या, डोक्याला मुंडासे. त्यांनी दोरीच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. मग तांब्या खाली ठेवला.

"जावईबापू, मोजणी चाललीय व्हय?"

"हो तात्या. थोडं काम होतं."

"असू द्या, असू द्या. मी म्हनतच हुतो, मानूस लाजाळू हाय, तोंडानं मागायचा न्हाय." ते ढेकळं तुडवत जवळ आले आणि दोरीवर पाय देऊन म्हणाले, "निम्मं तुमचं. हितनं त्या बाभळीपत्तर. बोरीचं झाड बी तुमच्याच अंगाला येतंय, घ्या."

"तात्या, अहो, मला जमीन नकोय."

"मंग मोजताय कशाला?"

हे त्यांना कसे समजवायचे? मी म्हणालो, "गोष्टीतल्या राजाचं राज्य अठरा गुंठे आहे, ते बरोबर आहे का बघतोय."

तात्यांनी माझ्याकडे, मग लेकीकडे पाहिले. आवाज उतरवून तिला विचारले, "कचेरीत काम लय असतंय का गं यांना?"

बायको दोरीचे टोक सोडून तिथेच ढेकळात बसली. आधी मला वाटले, रडतेय. ती हसत होती. तिला बोलता येईना, श्वास घेता येईना. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. तात्या रागावले. "यात हसन्यासारखं काय हाय? एकुलता जावई हाय. दिली तर आपल्याच घरात जातीया. नऊ गुंठं मला रग्गड हायती." त्या 'नऊ गुंठं'वर ती पुन्हा आडवी झाली.

मला जमीन नको हे तात्यांना पटवायला दुपार झाली. मी नाही म्हणालो याचा त्यांना खरोखर राग आला होता. माणसाने दिलेले घेऊ नये हा अपमान, असे त्यांचे म्हणणे. शेवटी बोरीची बोरे दर साल मी न्यायची, असे ठरले. ती जमीन आता उजनी धरणाच्या पाण्यात आहे, बोरीसकट. पण तोवर दर माघात मी बोरे नेली. मापाने अडीच पायली, कधी तीन.

मोजणी पुरी झाली. साडेपाच गुणिले सव्वातीन, सतरा गुंठे चौदा आणे. बायकोला मी हे सांगितले. दोन आणे कमी आहेत, हेही सांगितले. ती म्हणाली, "तेवढे तुम्हाला." आणि भावाच्या मुलाची कोरी वही मागून घेऊन ओसरीवर बसली.

तीन दिवसांत पुढचा भाग झाला. चौथ्या दिवशी तिने तो अंगणात वाचून दाखवला, तात्यांना आणि मला. तात्यांना अक्षरओळख नव्हती. या भागात तो तरुण नऊ गुंठे घेण्याआधी दोरी घेऊन मोजायला लागतो. राजाला वाटते याला जास्त हवे आहे, म्हणून तो साडेदहा म्हणतो, मग बारा, मग सगळेच, वर घोडाही. तरुण नुसते मोजत राहतो. 'मला राज्य नको, आकडा हवा,' असे तो सांगतो तेव्हा आजवर मुकी असलेली राजकन्या बोलते. काय बोलते ते इथे देत नाही. ते माझ्याबद्दल आहे आणि त्यात तथ्य आहे.

वाचून झाल्यावर मी तात्यांना विचारले, "अभिप्राय काय?"

"म्हंजी?"

"गोष्ट कशी वाटली, ते सांगायचं. मी लिहून घेतो. मासिकात जाईल."

वर्गणीदार नसलेल्याचा अभिप्राय घ्यायचा नाही, हेही माझ्याच नियमांत होते. मी तात्यांना क्रमांक बत्तीस दिला. त्यांनी मुंडासे काढले, पुन्हा बांधले.

"लिवा. राजा बराबर वागला. त्येच्यात काय बी चूक न्हाय. पर सात रान्या कशाला? हिची आई एकच हुती, तवर मला कवा नीट बसाया मिळालं न्हाय."

मी ते शब्दाला शब्द उतरवून घेतले आणि खाली त्यांचा अंगठा घेतला. बायकोने वही माझ्यापुढे सरकवली. "आता क्रमांक सात."

मी लिहिले : 'पहिला भाग वाचताना दोनदा हसलो होतो, ती नोंद राहून गेली होती. दुसरा भाग ऐकताना सहा वेळा.'

तिने वाचले. "सात वेळा," ती म्हणाली. "घोड्याच्या वेळी तुम्ही तोंड फिरवलंत, ते तुम्ही धरलं नाही."

खोडायचे नाही असा नियम असल्यामुळे मी पुढे लिहिले, 'सात वाचावे,' आणि क्रमांक घातला.