हबीबभाईंची म्हैस

हबीबभाईंनी काढलेलं पहिलं पान पाहून मी कपाळाला हात लावला. औरंगाबादहून निघणाऱ्या एका मुलांच्या मासिकात मी चित्रकथा लिहायचे आणि चित्रं आता ते काढणार होते. त्यांनी प्रत्येक ओळीतल्या चौकटी उजवीकडून डावीकडे मांडल्या होत्या. म्हणजे आमच्या मराठी पोरांना चोर आधी पकडलेला दिसणार आणि चोरी मागाहून होणार. "हे काय हो, हबीबभाई?" मी विचारलं. त्यांनी टोपी सारखी केली. "हौ बाई. पिढ्यान्‌पिढ्या उर्दू लिहिणारा हात हाय. आदतीनं उजवीकडूनच निघतो." दुसऱ्या दिवशी सकाळी नवं पान माझ्या टेबलावर होतं.

ते खुलताबादच्या कातिबांच्या घरातले. उर्दू पुस्तकं छापायची तर आधी सुबक हातानं लिहून काढावी लागत, तो यांचा पिढीजात धंदा. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तसं ते काम आटत गेलं, तेव्हा हबीबभाई शहरात येऊन लग्नपत्रिका, लेबलं असं मिळेल ते करू लागले आणि असेच एकदा आमच्याकडे पोचले. आमचे संपादक दादासाहेब यांनी मुंबईची चित्रपुस्तकं त्यांच्यापुढे टाकली आणि म्हणाले, "अस्सं काढा." हबीबभाई वर्षानुवर्षं तसं काढत राहिले. विटेसारखी हनुवटी, पोत्यासारखी छाती. माझ्या गोष्टीतला पिशोर गावचा गडीसुद्धा विलायतेहून उतरल्यासारखा दिसायचा. माझा जीव नुसता जळायचा, आणि मी काही मनात ठेवणाऱ्यांतली नाही.

"चिडू नका बाई," ते म्हणायचे. "उस्तादाची तख्ती, म्हंजी कित्त्याची पाटी, गिरवल्याबिगर अक्षर बसत नाय. ह्ये बी गिरवणंच हाय."

"आणि किती वर्षं गिरवणार?"

"हात कंटाळंल तवर."

दुसरी गोष्ट मला त्याहून खुपायची. ते चित्राखाली सही करत नसत. कातिबांत रिवाज असा, की उस्तादानं इजाजत दिल्याशिवाय शागिर्दानं कामाखाली आपलं नाव घालायचं नाही. यांचे उस्ताद म्हणजे वडीलच, आणि ते इजाजत न देताच गेले. मी किती डोकेफोड केली, पण हा माणूस ढिम्म. "आता कोण देणार, बाई? बिगर इजाजतीचं नाव म्हंजी गुस्ताखी." हे बोलताना ते खाली बघायचे. नाव घालावंसं त्यांना फार वाटत होतं, हे मला कळायचं.

अखेर हात कंटाळला तो एका म्हशीपाशी. बाजारातून पळालेल्या म्हशीची माझी गोष्ट होती. हबीबभाईंनी टाक बाजूला ठेवला आणि वडिलांचा बोरू काढला. पाठीची एकच रेघ, मानेपाशी जाड आणि शेपटीकडे बारीक होत गेलेली. आणखी दोन-चार फटकाऱ्यांत अख्खी म्हैस उभी राहिली. माणसंही तशीच, वळणदार. मी बघतच राहिले.

दादासाहेब मात्र तडकले. "ही म्हैस आहे का अक्षर?"

"दोन्ही हाय, साहेब."

"परत काढा. नाहीतर मालिका दुसऱ्याकडे देतो."

"या बारीला नाय जमायचं, साहेब." आवाज नेहमीचाच, खालच्या पट्टीतला. या माणसानं दादासाहेबांना कधी नाही म्हटलं नव्हतं. अंक छपाईला जायचा होता, म्हणून पानं तशीच गेली. पुढच्या महिन्यापासून नवा चित्रकार बघतो, असं दादासाहेबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

अंक निघाला आणि थोड्याच दिवसांत गुलमंडीत एका डेअरीवर नवी पाटी लागली. पाटीवर आमची म्हैस! कुणा पेंटरनं अंकातून जशीच्या तशी उचललेली. माझं डोकंच फिरलं. हबीबभाईंना घेऊन मी थेट तिथं गेले. "चला, जाब विचारू त्याला."

ते हात मागे बांधून पाटी निरखत उभे राहिले. "पाठ बराबर उतरवलीय," ते म्हणाले. "शेपटीत गडबडला."

"अहो, चोरी आहे ही."

"नाय बाई. गिरवतोय तो." त्यांनी बोटानं हवेत ती पाठ गिरवली. "माझी तख्ती कुणीतरी गिरवतंय."

मी ज्याच्यासाठी भांडायला निघाले होते तोच माणूस डोळे पुसत होता, मग मी काय भांडणार? दादासाहेबांचा रोजचा रस्ताही गुलमंडीतूनच. त्यांनीही ती पाटी पाहिली असावी. एके दिवशी मान वर न करता ते एवढंच म्हणाले, "म्हैस लोकांना आवडलेली दिसते. चालू ठेवा." नव्या चित्रकाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी हबीबभाई खुलताबादला वडिलांच्या कबरीवर जाऊन आले. पुढच्या महिन्याचं पान त्यांनी माझ्यापुढे ठेवलं, तर खाली कोपऱ्यात बोरूनं लिहिलेलं, लहानसं, देखणं 'हबीब'.

"इजाजत मिळाली म्हणायची," मी म्हटलं.

"अब्बांना सांगून आलो," बोरू पुसत ते म्हणाले. "म्हटलं, एक शागिर्द मिळालाय. त्याला उस्तादाचं नाव तर कळाया पायजे."