बशीतलं पाणी

आमच्या आक्का चहा पितळीतून प्यायच्या, पण पावसाळ्यात रोज सकाळी पांढरी बशी हातात घेऊन घराबाहेर पडायच्या. थोरल्या दिरांनी पलटणीतून सुट्टीवर येताना आणलेल्या कपबशांतली तेवढी एकच शिल्लक राहिली होती. तलावाच्या बांधाच्या पायथ्याशी जिथं पाणी झिरपायचं, तिथं त्या ती धरायच्या आणि भरली की उजेडात नेऊन डोळे बारीक करून बघायच्या. मग पाणी ओतून घरी यायचं आणि मुकाट्यानं शेण काढायला लागायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय!

"समद्याच बांधातनं झिरपतंय गं," त्या म्हणायच्या. "नितळ आलं तर बांध घाम गाळतोय म्हनायचं. गढूळ आलं की आतली माती निघाली. मग इचार करायचा न्हाई, पळायचं."

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. उंच, काटक, आवाज असा की शिवारातल्या म्हशीसुद्धा माना वर करायच्या. आमचं गाव कुंडलपासून दोन तासांच्या चालीवर, आणि आमचं घर बांधापासून शंभर पावलांवर, ऐन खाली. दीर सरहद्दीवर, माझे मालक सांगलीला हळदीच्या पेढीवर. ते शनिवारी यायचे. घरात अंथरुणाला खिळलेले मामंजी, आम्ही दोघी आणि माझी मुलगी.

मृग लागला की आक्का घराची पलटण करायच्या. कागदपत्रांची ट्रंक दोरानं आढ्याला टांगायची. ज्वारीची पोती माळ्यावर चढवायची. मामंजींच्या बाजेला दोन्ही अंगांनी लांब वासे बांधून ठेवायचे, म्हणजे वेळ आली तर पालखीसारखी उचलता येईल. मागच्या दाराला चार महिने कडी लावायची नाही. म्हशीच्या दाव्याला गाठ मारायची ती ओढली की सुटणारी. "मुकं जनावर हाय, त्याला कुनी हाक मारायची? त्याचं त्येला सुटता आलं पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि तालीम! मी भाकरी थापत असताना त्या अंगणातून ओरडायच्या, "आलंऽऽ!" की पिठाच्या हातांनी पोरीला उचलून मी बिरोबाच्या माळाकडे पळायचं. भाकरी करपायची. गावातली माणसं दात काढायची. "आक्का, आज तलाव काय म्हनतोय?" असं विचारून पोरंसोरं पळून जायची. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण मी कधी "नाही पळत जा" म्हणाले नाही. कारण आक्का कशाला घाबरतात ते मला ठाऊक होतं. फक्त मलाच.

हा तलाव बहात्तरच्या दुष्काळात गावानंच बांधला. मी रहिमतपूरची, बाजारपेठेतली मुलगी. लग्नाला वर्ष झालेलं, सहावा महिना लागलेला, आणि डोक्यावर मातीची पाटी. प्रत्येकीला भरावाचा तुकडा नेमून दिलेला, संध्याकाळी मुकादम माप घ्यायचा. आक्का आपला तुकडा संपवून माझ्या पाट्या वाहायच्या, माती धुम्मसानं चोपून द्यायच्या. एकदा त्या मामंजींचं औषध आणायला गेल्या होत्या. ऊन डोक्यावर, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. माप तर भरायला हवं. मी शेजारी तोडून टाकलेल्या बाभळीच्या फांद्या माझ्या तुकड्यातल्या खड्ड्यात ओढल्या, वर मोठमोठी ढेकळं लोटली आणि हातभर माती पसरून दिली. मुकादमानं वरून टेप लावला, "शाब्बास" म्हणाला.

आक्का परतल्या, तेव्हा त्यांनी पाय दाबून बघितला. जमीन लिबलिबली. माझ्याकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं. "उकरायचं का?" मी विचारलं. आमचं ठरेपर्यंत पुढच्या टोळीनं वर चार थर टाकलेसुद्धा. त्या एवढंच म्हणाल्या, "पान्याला आपली चूक सापडतीच गं सुमन." त्यानंतर तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. पहिल्या पावसाळ्यात बशी मात्र निघाली.

चौथ्या पावसाळ्यात आठ दिवस झड लागली. तलाव तुडुंब भरला, सांडव्यावरून पाणी पडायला लागलं. गाव नुसतं हरखून गेलं होतं. नवव्या दिवशी सकाळी आक्का आल्या आणि त्यांनी बशी माझ्यापुढे धरली. पाणी चहासारखं दिसत होतं.

त्या दिवशी "आलंऽऽ" असं कुणी ओरडलं नाही. आक्कांनी बाजेचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं, मी मागचं. मुलगी मामंजींच्या पायाशी बसवली. माळावर बिरोबाच्या देवळात बाज टेकवली, तेव्हा मामंजी थरथरत "माझी काठी राहिली" म्हणत होते. मला वाटलं, सुटलो. पण आक्का तशाच खाली धावत सुटल्या, ओढ्याकाठच्या वस्तीकडे. वीस-पंचवीस घरं, पाळण्यातल्या पोरांसकट. पोरीला कडेवर मारून मीही मागोमाग गेले.

वस्तीच्या पारावर पाटील ओटीचं ताट घेऊन उभे होते, सोबत बाया, भरल्या तलावाची पूजा करायला. आक्कांनी कमरेला खोचलेली, मातीनं माखलेली बशी काढून दाखवली. सगळे हसले.

"आवं आक्का," पाटील म्हणाले, "तलाव इंजिनेराच्या मापानं बांधलाय, तुमच्या बशीच्या मापानं न्हाई."

"इंजिनेराला आत काय हाय ते ठावं न्हाई. मला ठावं हाय."

"काय हाय?"

आता बोलायचं होतं ते मी. तोंड उघडलं, खरंच उघडलं, पण शब्द फुटेना.

"बाभळीच्या फांद्या हायती आन ढेकळं," आक्का म्हणाल्या. "मी टाकल्यात. माप भरायला. आता हसू नगासा, पोरं उचला."

माझ्याकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग एक म्हातारी किंचाळली, "तुझं वाटुळं हुईल!" आणि पाटलांच्या हातातलं ताट खाली आलं. माणसं पळाली.

दुपारी बांध फुटला, नेमका तिथंच. वस्ती धुऊन गेली. माणूस एकही गेलं नाही. आमच्या घराच्या दोन भिंती पडल्या; ट्रंक आढ्याला तशीच लोंबकळत होती, आणि म्हैस दावं सोडवून आपली आपण माळावर आली होती.

जीव वाचल्याचं कौतुक चार दिवस टिकलं. मग आक्कांचं नाव "तलावफोडी" पडलं. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. पाणवठ्यावर बाया हंडे बाजूला घ्यायच्या. मी रडून म्हणाले, "आक्का, मी सांगते सगळ्यांना." त्या भडकल्या. "गप बस. ह्या पोरीला उद्या कोन करून घील? मला ना पोर ना बाळ, माझं नाव घिऊन कुनाचं काय अडनार हाय?"

आणि मी गप्प बसले. पोरीसाठी बसले असं मनाला सांगत होते. खरं तर मला ते सोयीचं होतं. पुढच्या उन्हाळ्यात बांध दुरुस्त झाला, तेव्हा आक्का न बोलावता गेल्या आणि त्या जागी धुम्मस घेऊन दिवस दिवस माती चोपत राहिल्या. शेजारी कुणी उभं राहायचं नाही. मी भाकरी घेऊन जायची, तेवढंच.

तीन वर्षांनी त्या कावीळ होऊन गेल्या. दहाव्याला तलावाच्या काठी पिंड ठेवला. बाया कुजबुजत होत्या, तलावफोडीचा पिंड आहे, कावळा दिवसभर शिवायचा नाही. दीर हात जोडून उभे राहतात न राहतात, तोच कावळा आला आणि शिवला. त्यांचं काही अडलंच नव्हतं.

माणसं अंघोळ करून निघायला लागली. "जरा थांबा," मी म्हणाले.

"त्या फांद्या मी टाकल्या होत्या."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझा पदर धरून उभी असलेली माझी मुलगीसुद्धा.