अक्काचा मध

पहिला मध ज्याच्या हातचा, त्याचा स्वभाव बाळात उतरतो, असं आमच्या खानदेशात मानतात. सुरतेत जन्मभर कापडाचे लूम चालवून माझे कान निम्मे गेले, पण हे मानणं काही घरातून गेलं नाही.

सुनेचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं. ती म्हणाली, "नको, इथंच, सिस्टरबेनकडे." लिंबायतमधल्या त्या लहानशा प्रसूतिगृहात बाळंतपणं सिस्टरबेनच करत, अडलं तरच डॉक्टर येत. आणि तपासणीला त्या नुसत्या गरोदर बाईला बोलवत नसत, अख्खं घर बोलवत. माझ्या मुलाला त्यांनी बायकोची पाठ चोळायला शिकवलं. मला विचारलं, "काका, तुम्हाला काय येतं?"

"ओरडता येतं."

"मग तुम्ही दारावर. सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काही जाता कामा नये. मध तर मुळीच नाही."

मी सुनेच्या देखत शब्द दिला.

नातू झाला, आणि डिंडोलीहून माझी थोरली बहीण रिक्षानं आली, मधाची वाटी घेऊन. आई गेल्यावर मला वाढवलं ते या अक्कानं. आत एकालाच सोडत होते. तिनं मधात बोट फिरवलं आणि वाटी माझ्या हातात दिली. "बोट मनं शे, गुण बी मनाच येतीन. जाय!" बोट तिचं, म्हणून गुणही तिचेच.

तिला नाही म्हणायला मी कधी शिकलोच नव्हतो. गेलो. बाळाला छातीशी घेऊन सून डोळे मिटून पडली होती. मी वाटी धरून नुसता उभा. इतक्यात मागून सिस्टरबेनच्या चपला वाजल्या, आणि मी सगळा मध स्वतःच्या तोंडात ओतला.

"केम काका, आवडला ना नातू?"

तोंड उघडण्याची सोय नव्हती. मी मान हलवली, डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, म्हातारा गहिवरला. पाठीवरून हात फिरवला बिचारीनं.

बाहेर रिकामी वाटी पाहून अक्काचा चेहरा असा फुलला, की मी गप्पच राहिलो. बारशाला तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझा मध चाटलाय पोरानं!" सून माझ्याकडे बघत राहिली. मी शिऱ्याकडे. तेव्हापासून बाळ माझ्याकडे देण्याआधी ती म्हणायची, "नाना, आधी हात दाखवा."

त्यात नातू बोलायला लागला तो थांबेना, अगदी अक्कासारखा. पुरावाच झाला.

आता सून पुन्हा गरोदर आहे. गेल्या आठवड्यात सिस्टरबेननी परत सगळ्यांना बोलावलं. अक्काही आली. "या वेळी दारावर कोण?" सिस्टरबेननी विचारलं.

"नाना सोडून कोणीही," सून शांतपणे म्हणाली.

तिनं भांडण काढलं असतं तर सोसलं असतं. मी उठलो आणि लूमच्या खडखडाटात ओरडावं तसा ओरडलो, "तो मध मी खाल्ला होता!"

बाहेर बाकावर बसलेल्या बायकासुद्धा दारातून डोकावल्या.

"समदा?" अक्कानं विचारलं.

"सगळा. बाळाला थेंबही नाही."

आता रडते की काय, असं मला वाटलं. ती मला खालीवर न्याहाळत राहिली. मग म्हणाली, "तरीच! आधी तू मुका व्हता. आते इतली बडबड करस!"

सून पोट धरून हसली. सिस्टरबेननी आधी तिची नाडी पाहिली, मगच त्या हसल्या.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत, नाना?"

मी अक्काकडे पाहिलं. सुनेनंही पाहिलं, आणि पुढं विचारलं नाही.

"दारावर नानाच बसतील," ती सिस्टरबेनना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पण आत येताना हात नको. तोंड उघडून दाखवायचं."